हिराबायचा बर्फ आणि आमचा अमोनिया

लॅबमध्ये काम केलेल्या माणसाला किस्से शोधावे लागत नाहीत. लोक रक्त देऊन जातात आणि जाताना एखादा किस्सा ठेवून जातात. रिपोर्ट न्यायला परत येतात, किस्सा न्यायला कोणी येत नाही. मग ते साठत जातात. फेकवतही नाहीत आणि चारचौघांत काढावेत तर मान खाली जाते, कारण आमच्या बहुतेक किश्शांत शेवटी तोंडावर पडलेले आम्हीच असतो!

ऐंशीच्या दशकात अंधेरी पश्चिमेला, मासळीबाजाराच्या तोंडाशी आमची छोटीशी लॅब होती. माणसं चार. डॉक्टर सामंत मालक. राणे रक्त काढायचा; गाव मालवणकडे, बिऱ्हाड साकीनाक्याला. मीना काउंटरवर. आणि मी, वैजू, आत बसून टेस्ट लावणारी. काम बरंचसं लिव्हरचं. पावसाळ्यात कावीळ यायची आणि काविळीमागून एसजीपीटी, लिव्हर बिघडलं की चढणारा आकडा. या एसजीपीटीमधला 'जी' म्हणजे ग्लुटामिक. त्या एका शब्दाने आमची जेवढी शोभा केली, तेवढी शत्रूनेही केली नसती.

आजही आम्ही भेटलो की हे किस्से निघतात. हसून हसून पुरेवाट होते. पण हिराबायचं नाव आलं की राणे चष्मा काढून पुसायला लागतो, आणि तो इतका वेळ पुसतो की विषय बदलावा लागतो.

* * *

मीनाला टायपिंगची भारी हौस. रिपोर्टवर नुसतं एसजीपीटी लिहिणं तिला कमीपणाचं वाटायचं. ती पूर्ण नाव टाईप करायची, 'सीरम ग्लुटामिक' वगैरे वगैरे, एक ओळभर.

त्या काळी दहावीच्या मुलांना ग्लुटामिक ॲसिडचं टॉनिक पाजायची टूम होती. मेंदूला चांगलं म्हणे! बोरिवलीच्या एक बाई मुलाचा रिपोर्ट घेऊन गेल्या आणि थोड्या वेळाने पेढ्यांचा पुडा घेऊन परत आल्या. चेहरा नुसता फुललेला. मीनाने पेढा घेतला, मी घेतला, राणेने दोन घेतले. पेशंटने आनंदाने काही दिलं की का म्हणून विचारायची आमच्यात पद्धत नव्हती.

डॉक्टरही बाहेर आले, त्यांनीही पेढा तोंडात टाकला आणि मग विचारलं, "कसले हो पेढे?"

"ग्लुटामिकचे!" बाई म्हणाल्या. "चाळीसच्या आत पाहिजे असं छापलंय, आमच्या बंटीचं चारशेच्या वर गेलंय! टॉनिक लागू पडलं हो, डॉक्टर!"

बंटी त्यांच्या मागे भिंतीला टेकून उभा होता. डोळे हळदीसारखे पिवळे. आम्हाला पेढा गिळवेना आणि थुंकवेना. आम्ही चौघं तोंड मिटून उभे होतो आणि बाईंना वाटलं, आम्ही भारावून गेलोय.

* * *

या किश्शानंतर राणेने ठरवलं, की पेशंटला ग्लुटामिक आपणच नीट समजावून सांगायचं. झालं! वाट लागायची तीच सुरुवात.

साकीनाक्याला लेथ मशीनचा कारखाना चालवणारे एक गृहस्थ यायचे. कारखाना बंद झाला की रोजची बाटली ठरलेली. राणे त्यांना म्हणाला, "शेट, ग्लुटामिक कसल्यात असता माहीत आसा? ती चायनीजच्या गाडीवर चिमूटभर पांढरी पावडर टाकतत ना, तेच्यात!" बोलणं तसं खोटं नव्हतं. पण त्या पावडरीचा आणि यांच्या लिव्हरचा काडीचा संबंध नव्हता.

पुढच्या तपासणीला आकडा दुप्पट. डॉक्टर संतापले. "काय सांगितलं होतं? पथ्य पाळलंत का?"

"पाळलं म्हणजे काय, साहेब!" शेट छातीवर हात ठेवून म्हणाले. "चायनीज एकदम बंद! दारूबरोबर आता फक्त चणे!"

डॉक्टरांनी राणेकडे पाहिलं. राणेने माझ्याकडे पाहिलं. मी मायक्रोस्कोपमध्ये पाहिलं. त्याच्यात काही लावलेलं नव्हतं.

* * *

आता हिराबाय.

हिराबाय वेसाव्याची कोळीण. आमच्या दारासमोरच तिची पाटी लागायची. आवाज असा, की ती गिऱ्हाईकाशी बोलली तरी आमच्या आतल्या खोलीत टेस्टट्यूब थरथरायच्या. पाटी डोक्यावर स्वतःच्या हाताने चढवायची, कोणाला हात लावू द्यायची नाही. मनगटापासून कोपरापर्यंत हिरव्या बांगड्या, आणि दंड असे भरलेले की त्या बांगड्या हलायच्या नाहीत.

त्या पावसाळ्यात तिला कावीळ झाली. बरी झाली, असं वाटलं. पण नारळी पौर्णिमेनंतर ती बसल्या बसल्या पेंगायला लागली. गिऱ्हाईकाने बांगडे मागितले, हिने पापलेट कापून दिलं. मुलगा घाबरला आणि तिला मोठ्या डॉक्टरांकडे घेऊन गेला. त्यांना शंका आली, की लिव्हरचं दुखणं डोक्यात चढतंय. त्यांनी रक्तातला अमोनिया तपासायला सांगितला.

आणि आमच्या डॉक्टरांनी तेव्हाच मोठ्या ऐटीत अमोनियाचं किट आणलं होतं! बाहेर बोर्डही लावला होता, 'येथे अमोनिया तपासून मिळेल'. पहिल्याच दिवशी बर्फाच्या कारखान्यातला माणूस येऊन विचारून गेला होता, आमची अमोनिया गॅसची पाइप गळतेय, कधी येता?

डॉक्टरांनी आम्हाला समजावलं. "मासे, अंडी, डाळ पचताना अमोनिया तयार होतो. तो विषारी. लिव्हर धड असेल तर त्याची विल्हेवाट लावतं. नसेल तर तो मेंदूत शिरतो. तिथे ग्लुटामेट म्हणजे रिकामी रिक्षा समजा. अमोनिया पॅसेंजर. तो बसला की त्या रिक्षेचं नाव ग्लुटामिन. अशा भरलेल्या रिक्षा साठत गेल्या, की मेंदूला सूज येते, माणूस पेंगतो, बरळतो आणि कोमात जातो."

"म्हणजे अंधेरी स्टेशनच्या बाहेर रिक्षांचा होता तसा!" राणे म्हणाला.

या टेस्टला रक्त काढल्या काढल्या बर्फात ठेवावं लागतं. बर्फ कुठे होता आमच्याकडे? हिराबाय म्हणाली, "त्यात काय! म्हावऱ्याचा बरफ हाय ना." आणि पाटीतला मोठा खडा काढून दिला. तिच्याच रक्ताला तिच्याच माशांचा बर्फ.

राणेने सिगरेट पेटवली. कठीण शीर असली की तो ती ओठांत धरायचा. हात थरथरत नाही, म्हणायचा. रक्त काढलं, ट्यूब बर्फात खोचली, मी टेस्ट लावली. अमोनिया वाढलेला! मोठ्या डॉक्टरांनी पोट साफ व्हायचं औषध दिलं आणि फर्मान काढलं: मासे बंद. अंडं बंद. डाळसुद्धा नावाला. भात, साबुदाणा आणि फळं खा.

कोळणीला मासे बंद!

* * *

फायटरचा किस्सा याच सुमाराचा. अंधेरीच्या एका स्टुडिओत मारामारीच्या सीनला हिरोच्या जागी पडणारा हा माणूस. तेव्हा आम्हाला ते माहीत नव्हतं. विम्यासाठी रक्त तपासायला आला, बायकोला घेऊन. एसजीओटी, म्हणजे एसजीपीटीचं भावंड, भलतंच वाढलेलं. डॉक्टरांनी बायकोदेखत त्याला झापलं, "दारू सोडा, नाहीतर लिव्हर जाईल!" तो बिचारा "पण साहेब, पण साहेब" करत राहिला. बायकोने ऐकून घेतलं आणि पदर खोचला. पुढचं तिने घरी जाऊन केलं.

दुसऱ्या दिवशी दोघं परत. आता तिचेच डोळे रडून सुजलेले. तिने नवऱ्याचा शर्ट वर केला. पाठ, खांदे, कंबर, सगळं काळंनिळं. दोन दिवस एकाच जिन्यावरून पडण्याचा सीन चालला होता आणि कॅमेरावाल्याच्या काही मनास येत नव्हता. एसजीओटी स्नायूंतही असतं. मुका मार लागला की तेही रक्तात उतरतं. डॉक्टरांना हे पाठ होतं. विचारायचं मात्र राहून गेलं होतं.

"अहो, पण तुम्ही काम काय करता ते आधी सांगायचं ना!" डॉक्टर कसंबसं म्हणाले.

"साहेब, मार खातो," तो म्हणाला. "कालपासून घरी पण."

* * *

हिराबाय दर पंधरवड्याला यायची. रक्त द्यायची, बर्फ द्यायची आणि रिपोर्ट घ्यायला आली की काउंटरला टेकून मला विचारायची, "आज तरी खावू काय गो, पोरी?"

आकडा पुन्हा वरच असायचा. मी म्हणायचे, "पुढच्या रिपोर्टला बघू हं, हिराबाय."

"बघू," ती म्हणायची आणि जाऊन पाटीवर बसायची. दिवसभर हातात सुरमई, आणि डब्यात पेज. दुपारी शेजारणी कालवण-भात काढायच्या तेव्हा ती पाठ करून बसायची. एकदा म्हणाली, "गिऱ्हाईक इचारतंय, मावशी, ताजा हाय ना? मी बोलतंय, हाय. पण माज्या जिभेला कुठं ठाव?"

घरी सुनेने मासे शिजवणंच सोडलं होतं. सासूसमोर ताटात घ्यायचं कसं? वेसाव्यातल्या एका घरात, ऐन हंगामात, चुलीवर भोपळ्याची भाजी!

हळूहळू तिचे दंड उतरले. बांगड्या मनगटावर घसरायला लागल्या, मग तिने त्या दोऱ्याने बांधल्या. पाटी चढवायला आता शेजारीण हात द्यायची. एक दिवस पाटी चढवताना ती वाकली ती तशीच खाली बसली. मुलगा म्हणाला, "आई, आता बाजारात बसू नको." ज्या बाईचा आवाज आमच्या ट्यूबा हलवायचा, ती काही बोलली नाही, हे मी काचेतून पाहिलं. तिची जागा मागणारे दोघं-तिघं तेव्हाच फेऱ्या मारत होते. आमचा आकडा खाली आला नसता तर तिची पाटी उठणार होती.

* * *

मध्ये एकदा माझ्या भावाला कावीळ झाली आणि आईने हट्ट धरला, जोगेश्वरीला कावीळ उतरवणारा आहे, त्याच्याकडे ने. तो काविळीच्या माणसाचे हात चुन्याच्या पाण्यात धुतो, पाणी पिवळं होतं, लोक म्हणतात कावीळ उतरली. मी लॅबमधली बाई! पण आईपुढे काय चालतं? तोंडावर पदर ओढून रांगेत उभी राहिले. ओळखीचं कोणी दिसू नये म्हणून मान वरच करत नव्हते.

माझ्या पुढे एक गृहस्थ डोक्यावरून टॉवेल घेऊन उभे होते. बूट ओळखीचे वाटले. डॉक्टर सामंत! आठवडाभर तब्येतीचं कारण सांगून घरी बसले होते. रक्त तोंडाने पिपेटमध्ये ओढायची तेव्हा सर्रास पद्धत होती, आणि त्यातून कावीळ कोणाला चुकली?

आमची नजरानजर झाली. दोघांनाही पळायला जागा नव्हती.

"मी जरा अभ्यासासाठी आलोय," डॉक्टर म्हणाले.

"हो, सर. मीपण," मी म्हणाले.

एवढ्यात आतून आवाज आला, "डॉक्टर, तुमचा नंबर! मागच्या वेळेपेक्षा आज पानी जास्त पिवला होनार, बगा!"

* * *

आता राणेचा चष्मा पुसायचा किस्सा.

शिमगा जवळ आला होता. एक दिवस मोठ्या डॉक्टरांचा फोन आला. "सामंत, तुमच्या आकड्याप्रमाणे ही बाई बेशुद्ध असायला हवी."

"बरोबर," आमचे डॉक्टर गंभीरपणे म्हणाले.

"अहो, ती माझ्यासमोर बसून माझ्याशी भांडतेय! शिमग्याला तरी कोलंबी खाऊ द्या म्हणतेय! आणि मुद्देसूद भांडतेय!"

फोन ठेवून डॉक्टरांनी हिराबायचे जुने रिपोर्ट काढून पाहिले. मग म्हणाले, "राणे, आपल्या चौघांचं रक्त काढा. वैजू, अमोनिया लाव."

इथेच खरी लाज आहे. बाकी प्रत्येक टेस्टला आम्ही निरोगी माणसाचं रक्त सोबत लावून पडताळा घ्यायचो. फक्त अमोनियाला नाही. किट महाग, आपल्यावर कशाला वाया घालवा, असं डॉक्टर म्हणाले होते आणि आम्ही तिघांनी माना डोलावल्या होत्या.

राणेने सिगरेट ओठांत धरून चौघांचं रक्त काढलं, स्वतःचंसुद्धा. मी टेस्ट लावली. आकडे काढले. पुन्हा काढले. मग डॉक्टरांसमोर जाऊन उभी राहिले.

"सर, या हिशोबाने आपण चौघंही कोमात आहोत."

मीनाला हसू फुटलं. एकटी तीच हसली आणि लगेच थांबली.

डॉक्टरांनी त्यांच्या जुन्या प्रोफेसरांना फोन लावला. पलीकडून फक्त एक प्रश्न आला असावा, कारण डॉक्टरांनी सावकाश मान वळवून राणेकडे पाहिलं. राणेच्या तोंडात सिगरेट होती. तिच्या धुरात अमोनिया असतो आणि तो उघड्या ट्यूबमध्ये, सिरिंजमध्ये सहज उतरतो.

राणेने ती सिगरेट विझवली. दुसऱ्या दिवशी त्याने सिगरेटला हात न लावता, हात धुऊन हिराबायचं आणि आमचं रक्त पुन्हा काढलं. आमचं नॉर्मल. हिराबायचं नॉर्मल. मागचे सगळे आकडे राणेच्या धुराचे होते. आधी ती पेंगत होती, तो कावीळ उतरता उतरताचा थकवा असेल, ते कोणाला नक्की सांगता आलं नाही. एवढं मात्र नक्की, की नारळी पौर्णिमेपासून शिमग्यापर्यंत आम्ही एका कोळणीला पेजेवर ठेवलं होतं. आणि पुढे डॉक्टरांनीच सांगितलं, की स्नायूसुद्धा थोडा अमोनिया उचलून त्याचं ग्लुटामिन करतात. म्हणजे ज्या दंडांनी तिला मदत केली असती, ते आम्हीच उतरवले होते.

तिला सांगायचं कोणी? "मी सांगतंय," राणे म्हणाला, पण खुर्चीतून उठेना. शेवटी चौघंही निघालो. लॅबपासून तिची पाटी हाकेच्या अंतरावर होती. मला ती वाट संपूच नये असं वाटत होतं.

डॉक्टरांनी सुरुवात केली, "हिराबाय, तुझा रिपोर्ट चांगला आलाय. आधीचे आले ना, ते जरा मशीनचं..."

"मशीन नाय," राणे म्हणाला. "माझी सिगरेट. चूक माझी आसा, हिराबाय. तुझो अमोनिया वाढलोच नव्हतो."

हिराबाय एकेकाच्या तोंडाकडे पाहत राहिली. हातातला कोयता तिने फळीवर ठेवला. तिला बरं वाटावं म्हणून डॉक्टर म्हणाले, "अगं, आमचं चौघांचंही रक्त तपासलं. आमचंही तसंच वाढलेलं निघालं!"

"चौघांचा?"

"हो."

"डाक्टर, तुमचा पन?"

"माझंही."

तिने मान हलवली. मग शेजारणीला हाक मारून म्हणाली, "गो, माजे सुनेला निरोप धाड. कालवणाला चिंच भिजत घाल, बोल." तेवढं बोलताना तिचे डोळे भरले आणि तिने ते ओल्या हाताच्या मागच्या बाजूने पुसले. मीना उघड उघड रडायला लागली.

काहीतरी करावं म्हणून मी पुढे झाले. "हिराबाय, आज आम्हा चौघांनाही पापलेट दे. तुझ्या हातचं घरी नेतो."

हिराबायने पाटीवरचं गोणपाट ओढून मासे झाकले.

"तुमाना?" ती म्हणाली. "रगात वाढलेल्या मानसाला माज्या हातानं म्हावरा देऊ? नाय रं बाबा!"

"अगं, ते चुकीचं होतं!"

तिने पाटीतला बर्फाचा एक मोठा खडा काढला, फडक्यात गुंडाळला आणि राणेच्या ओंजळीत ठेवला. पाणी त्याच्या बाहीतून कोपरापर्यंत ओघळलं, तरी तो तसाच उभा होता.

"मग आम्हाला कधी देशील?" त्याने विचारलं.

हिराबायने माझ्याकडे पाहिलं.

"पुढच्या रिपोर्टला बघू हं," ती म्हणाली.